तंटा तोडणें आणि तंटा उकलणें

मराठी भाषेंत तंटा 'तोडतात', भांडण 'मिटवितात' आणि गुंता 'उकलतात'. या तीन क्रियापदांचा थोडा विचार केला असतां कलहाकडे पाहण्याच्या आपल्या दृष्टीवर बराच प्रकाश पडतो. सुताचा गुंता सुरीनें तोडतां येतो. काम एका क्षणांत होतें, परंतु सूत आंखूड होतें आणि पुन्हां जोडावयाचें झाल्यास मध्यें गांठ राहते. तोच गुंता स्वस्थ बसून उकलला तर वेळ लागतो, डोळे शिणतात, पण सूत अखंड राहतें. आमच्या मतें माणसांमाणसांतील बहुतेक तंटे गुंत्याच्या जातीचे असतात. आणि आपण घाईनें, अभिमानानें किंवा दुसरा मार्ग ठाऊक नसल्यामुळें सुरी हातीं घेतों. तंटा उकलण्याची रीत कोणती, ती कोठें चालते आणि कोठें चालत नाहीं, याविषयीं चार शब्द आमच्या वाचकांपुढें, विशेषतः विद्यार्थिवर्गापुढें, ठेवावे असा आमचा मानस आहे.

तंटे कोठें नाहींत? ते क्रीडांगणावर बाद कीं नाबाद यावरून होतात, वसतिगृहांत खिडकीजवळच्या जागेवरून होतात; घरीं भावाभावांत शेताच्या बांधावरून व सामाईक विहिरीच्या पाळीवरून होतात; गिरणींत मजुरीवरून आणि राष्ट्राराष्ट्रांत सरहद्दीवरून होतात. आपल्या पूर्वजांस याची पुरी जाणीव होती. शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, तुटेपर्यंत ताणूं नये, दोघांचें भांडण तिसऱ्याचा लाभ, अशा म्हणी त्यांनीं करून ठेविल्या. लोण्याच्या गोळ्यासाठीं भांडणाऱ्या दोन मांजरांची, आणि त्यांचा न्याय करतां करतां सगळें लोणी खाऊन टाकणाऱ्या माकडाची गोष्ट न ऐकलेला मुलगा विरळा. परंतु या म्हणी आणि ही गोष्ट भांडणाचे दुष्परिणाम सांगून थांबतात. मांजरांनीं माकडाकडे न जातां काय करावयास हवें होतें, हें गोष्ट सांगत नाहीं. तो भाग ज्याचा त्यानेंच शिकावा लागतो. आणि खेदाची गोष्ट ही कीं, पुष्कळांचा सारा जन्म जातो तरी तो शिकावयाचा राहूनच जातो.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. मतभेद होणें हेंच मुळीं वाईट, अशी कित्येक सज्जनांची समजूत असते. 'भांडूं नका' एवढें सांगितलें म्हणजे आपलें कर्तव्य झालें असें त्यांस वाटतें. परंतु दोन माणसें एकत्र राहूं लागलीं, एकत्र काम करूं लागलीं, कीं त्यांच्या गरजा भिन्न असणारच. तो भेद दडपला तर तो नाहींसा होत नाहीं; राखेखालीं निखारा राहावा तसा राहतो आणि वारा लागतांच पेटतो. अमेरिकेंत मेरी पार्कर फॉलेट (१८६८–१९३३) या नांवाच्या एक विदुषी होऊन गेल्या. समाजकार्य आणि उद्योगधंद्यांची व्यवस्था या दोन्ही विषयांचा त्यांचा व्यासंग मोठा होता. १९२५ सालीं दिलेल्या एका व्याख्यानांत त्यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, मतभेद हा यंत्रांतील घर्षणासारखा आहे. घर्षणानें यंत्र झिजतें हें खरें. पण चाक आणि रूळ यांत घर्षण नसेल तर आगगाडी जागची हालणार नाहीं, आणि गज व तार यांत घर्षण नसेल तर सारंगी वाजणार नाहीं. तेव्हां मतभेद टाळावा कसा, यापेक्षां त्याला कामास लावावा कसा, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा होय.

कलहाचा निकाल लावण्याचे तीन मार्ग या बाईंनीं सांगितले. पहिला मार्ग वर्चस्वाचा: जो बळकट तो जिंकतो, दुबळा गप्प बसतो आणि आपली वेळ येण्याची वाट पाहतो. दुसरा मार्ग तडजोडीचा: तूं थोडें सोड, मी थोडें सोडतों. हा मार्ग पहिल्याहून पुष्कळ बरा, आणि जगांतील बहुतेक व्यवहार त्याच्यावरच चालतात. पण त्यांत दोघांनाहि कांहीं तरी गमावल्याची रुखरुख राहते, आणि म्हणून तोच तंटा पुढें निराळ्या वेषांत उभा राहतो. तिसरा मार्ग समन्वयाचा. त्यांत दोघांच्याहि खऱ्या गरजा भागतील अशी एखादी नवी व्यवस्था दोघे मिळून शोधून काढतात. याचें उदाहरण त्यांनीं स्वतःच्या अनुभवांतलें दिलें आहे. हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयांतील एका लहान खोलींत त्या वाचीत बसल्या असतां दुसऱ्या एका वाचकाला खिडकी उघडी हवी होती आणि यांना ती बंद हवी होती. शेवटीं शेजारच्या रिकाम्या खोलींतील खिडकी उघडण्यांत आली. येथें कोणी माघार घेतली नाहीं. त्या गृहस्थाला अमुक एक खिडकी उघडी हवी होती असें नव्हे, त्याला मोकळी हवा हवी होती. आणि यांना कोंडलेली खोली प्रिय होती असें नव्हे, अंगावर थेट वारा नको होता. खिडकी अर्धी उघडी ठेवून तडजोड केली असती तर दोघेहि कुरकुरत बसले असते.

त्यांचें दुसरें उदाहरण शेतकऱ्यांचें आहे, म्हणून आमच्या ग्रामीण वाचकांस तें अधिक पटेल. दूध उत्पादकांचा एक सहकारी संघ डेअरीच्या ओट्यावर दुधाचे कॅन आधीं कोणी उतरवावे या प्रश्नावरून मोडावयास आला होता. डेअरी डोंगराच्या उतारावर होती. वरून येणारे म्हणत, पहिला मान आमचा; खालून चढून येणारे म्हणत, आमचा. वाद वाढत गेला, कारण दोन्ही पक्षांच्या मनांत दोनच उत्तरें होतीं: 'आम्ही आधीं' किंवा 'ते आधीं'. मग कोणीतरी सुचविलें कीं ओट्याची जागाच बदलावी, म्हणजे दोन्हीकडच्या गाड्या एकाच वेळीं लागतील. ओटा हलला आणि वाद संपला. तंट्यांत गुरफटलेल्या माणसाची दृष्टि कशी आकुंचित होते तें येथें दिसतें. प्रतिपक्षाकडे डोळे वटारून पाहण्यांत तो इतका गुंतलेला असतो कीं ओट्याकडे पाहण्याचें त्याला सुचतच नाहीं.

या दोन्ही उदाहरणांतील मर्म एकच आहे. मागणी निराळी आणि गरज निराळी. मागणी म्हणजे आपण तोंडानें जें मागतों तें. गरज म्हणजे तें आपण कां मागतों तें कारण. समजा, दोघां भावांची एक सामाईक विहीर आहे आणि दोघांनाहि सकाळची पाळी हवी आहे. मागण्या एकमेकींवर आदळतात. सकाळ एकच, दोघांना ती कशी देणार? पण 'कां?' असें विचारलें तर कदाचित् असें निघेल कीं, थोरल्याला भाजीला भर उन्हांत पाणी द्यावयाचें नाहीं, आणि धाकट्याला दहा वाजतां तालुक्याला कामावर जावयाचें आहे. धाकट्याला सकाळच हवी. थोरल्याला मात्र सकाळच पाहिजे असें नाहीं, ऊन नको एवढेंच पाहिजे, आणि तें सायंकाळींहि साधतें. 'कां?' हा प्रश्न न विचारल्यामुळें किती बांध फुटले, किती घरांतून चुली वेगळ्या झाल्या आणि किती शेतें वकिलांच्या फीपायीं गेलीं याची गणना कोण करील?

येथें एखादा चिकित्सक वाचक म्हणेल कीं, खिडकी आणि डेअरी यांच्या गोष्टी ठीक आहेत. परंतु जेथें एकाचा लाभ तोच दुसऱ्याचा तोटा, तेथें काय? मजुरीचा रुपया एक तर मालकाच्या पेटींत राहील किंवा मजुराच्या हातांत जाईल. तेथें ओटा कोठें हलवावयाचा? हा आक्षेप खरोखरच वजनदार आहे, आणि त्याला उत्तर द्यावयाचें तर प्रत्यक्ष घडलेलें उदाहरण घेतलें पाहिजे. तें अहमदाबादच्या १९१८ सालच्या गिरणी तंट्याचें होय.

१९१७ सालीं अहमदाबादेंत प्लेगची सांथ आली. मजूर शहर सोडून जाऊं नयेत म्हणून गिरणी मालकांनीं त्यांस पगारावर भला मोठा बोनस दिला. कांहीं ठिकाणीं तो पगाराच्या ७० टक्क्यांहूनहि अधिक होता. सांथ ओसरली तेव्हां, १९१८ च्या आरंभीं, तो बंद करण्याचें मालकांनीं ठरविलें. इकडे पहिल्या महायुद्धामुळें महागाई भडकलेली होती. विणकरांनीं ५० टक्के वाढ मागितली. मजुरांच्या बाजूस अनसूयाबेन साराभाई होत्या, आणि मालकांचे पुढारी होते त्यांचे सख्खे बंधु शेठ अंबालाल साराभाई. दोन्ही बाजूंशीं स्नेह असलेले महात्मा गांधी या प्रकरणांत पडले. दोन्ही पक्षांचे प्रतिनिधि आणि जिल्ह्याचे कलेक्टर मिळून एक लवाद नेमण्यांत आला. पण कांहीं गिरण्यांतील मजुरांनीं मध्येंच संप केला, त्या निमित्तानें मालकांनीं लवादांतून अंग काढून घेतलें, आणि २२ फेब्रुवारीपासून गिरण्यांना टाळें लागलें.

यानंतर जें घडलें त्यांतील तीन गोष्टी आमच्या विषयाच्या दृष्टीनें मोलाच्या आहेत. पहिली ही कीं, गांधींनीं मजुरांचा ५० टक्क्यांचा आंकडा डोळे मिटून उचलून धरला नाहीं. मजुरांच्या अडचणी आणि मालकांच्या धंद्याची स्थिति या दोन्ही बाजू पाहून आपल्या सहकाऱ्यांसह त्यांनीं ३५ टक्के हा आंकडा न्याय्य ठरविला. आणि मग मजुरांस समजावून सांगितलें कीं, यापेक्षां अधिक मागूं नका व याहून कमी घेऊं नका. दोन मागण्यांच्या मधोमध रेघ ओढून काढलेला हा आंकडा नव्हता. मालकांनीं देऊं केलेले होते २० टक्के. या आंकड्यामागें कारण होतें, आणि जें कारण दुसऱ्याला सांगतां येतें त्यावर त्याच्याशीं बोलतां येतें. नुसत्या हट्टावर काय बोलणार?

दुसरी गोष्ट ही कीं, झगडा चालू असतांहि दोन्ही पक्षांतील माणुसकीचा धागा तुटूं दिला नाहीं. साबरमतीच्या कांठीं बाभळीच्या झाडाखालीं रोज मजुरांची सभा भरे. शिवीगाळ नको, मारहाण नको, भीक मागावयाची नाहीं, अशा शपथा तेथें घेतल्या होत्या. उपाशी मजुरांस बाहेरच्या पैशावर पोसण्यास गांधी राजी नव्हते. आश्रमांत बांधकाम चाललें होतें, तेथें त्यांना काम देण्यांत आलें, आणि अनसूयाबेन स्वतः डोक्यावर वाळूची पाटी घेऊन पुढें चालत. एक बंधु आणि एक भगिनी परस्परविरुद्ध पक्षांत उभीं, तरी कोणाचीं मनें विटलीं नाहींत. आजच्या आमच्या निवडणुका आणि संस्थांचे वाद पाहिले म्हणजे ही गोष्ट पुराणांतलीच वाटावी.

तिसरी गोष्ट समेटाच्या स्वरूपाची. १२ मार्चला मालकांनीं, २० टक्के मान्य असतील त्यांनीं कामावर यावें, असें जाहीर केलें. मजुरांचा धीर खचूं लागला, तेव्हां १५ मार्चला गांधींनीं उपोषण आरंभिलें आणि १८ मार्चला समेट झाला. मजुरांनीं ३५ टक्के मिळाल्याशिवाय परत जाणार नाहीं अशी शपथ घेतली होती. मालकांनीं २० टक्क्यांवर जाणार नाहीं असा हट्ट धरला होता. ठरलें तें असें: पहिल्या दिवशीं ३५ टक्के द्यावे, म्हणजे मजुरांची शपथ राहील, दुसऱ्या दिवशीं २० टक्के द्यावे, म्हणजे मालकांचा शब्द राहील, तिसऱ्या दिवसापासून २७½ टक्के द्यावे, आणि योग्य वाढ किती याचा निर्णय प्राध्यापक आनंदशंकर ध्रुव यांनीं लवाद म्हणून करावा. एखाद्याला हा पोरखेळ वाटेल. पण त्यांत माणसाच्या स्वभावाचें मोठें ज्ञान आहे. त्या क्षणीं दोन्ही पक्ष पैशापेक्षां प्रतिष्ठेवर अडून बसले होते. प्रतिष्ठेला एकेक दिवस देऊन तिची बोळवण केली, आणि पैशाचा प्रश्न शांतपणें विचार करूं शकणाऱ्या तिऱ्हाइतावर सोंपविला. ऑगस्टमध्यें निर्णय लागला तो ३५ टक्क्यांचा. रुपया वाटण्याचा प्रश्न होता हें खरें. पण तो एकमेव प्रश्न नव्हता. गिरणी चालूं राहणें, पुढच्या वर्षीं पुन्हां टाळें न लागणें, बोललेला शब्द राहणें, याहि गरजा होत्या, आणि त्या दोघांच्याहि होत्या. १९२० सालीं तेथें मजूर महाजन हा संघ स्थापन झाला, आणि असे तंटे लवादाकडे सोंपविण्याची कायम पद्धति अहमदाबादेंत सुरू झाली. म्हणजे ओटा येथेंहि हलला.

या चित्राला डागहि आहे, आणि तो दाखविणें आमचें कर्तव्य आहे. मालकांशीं स्नेहसंबंध असतां केलेल्या आपल्या उपोषणाचा त्यांच्यावर दाब पडला आणि तेवढ्यापुरतें तें सदोष होतें, असें गांधींनीं पुढें आत्मचरित्रांत मोकळेपणानें लिहून ठेविलें आहे. शिवाय तीन आठवड्यांहून अधिक काळ पोटाला चिमटा बसला तो मजुरांच्या, मालकांच्या नव्हे. दोन पक्षांचें बळ विषम असतांना वाटाघाटींत दुबळ्याला प्रथम एकजुटीनें उभें राहावें लागतें. नुसत्या गोड शब्दांनीं त्याला कोणी बरोबरीनें बसवून घेत नाहीं. समन्वयाचा उपदेश करणाऱ्यांनीं हें सत्य विसरूं नये.

निकाल लागल्यावरहि समेटाचें काम संपत नाहीं, याचें उदाहरण याच पुरुषाच्या तरुणपणीं सांपडतें. १८९३ सालीं ते दक्षिण आफ्रिकेंत गेले ते दादा अब्दुल्ला यांच्या पेढीच्या एका दाव्याच्या कामासाठीं. दावा ४०,००० पौंडांचा. प्रतिपक्ष तय्यब शेट, म्हणजे दादा अब्दुल्लांचेच नातलग आणि गांववाले. खटला चालता तर दोन्ही व्यापारी वकिलांच्या खर्चांत बुडते. गांधींनीं दोघांस समजावून प्रकरण लवादाकडे नेलें, आणि दादा अब्दुल्ला जिंकले. परंतु सुमारें ३७,००० पौंड आणि खर्च एकदम देणें तय्यब शेटना शक्य नव्हतें, आणि त्या व्यापाऱ्यांत दिवाळें काढण्यापेक्षां मरण बरें अशी भावना होती. तेव्हां जिंकलेल्या पक्षाचें मन वळवून रक्कम लांब मुदतीच्या हप्त्यांनीं घेण्याचें ठरविलें. लवादाकडे जाण्यास दोघांस राजी करण्यापेक्षां हें काम त्यांस अधिक कठीण गेलें. दादा अब्दुल्लांना पैसा हवा होता, तय्यब शेटना अब्रू हवी होती; काळ लांबविल्यानें दोघांचेंहि साधलें. जिंकलेल्याला 'जरा थांब' म्हणून पटविणें ही समेटाची सर्वांत अवघड पायरी होय.

राष्ट्रांच्या बाबतींतहि हेंच तत्त्व कधीं कधीं उपयोगी पडलेलें आहे. १९६७ सालच्या युद्धांत इस्रायलनें मिसर देशाचा सिनाई हा वाळवंटी प्रदेश जिंकला. पुढें नकाशावर जी जी सरहद्द आंखावी ती ती कोणा एकाला अमान्य होई. सप्टेंबर १९७८ मध्यें अमेरिकेंतील कँप डेव्हिड येथें अध्यक्ष कार्टर यांच्या मध्यस्थीनें सादात आणि बेगिन यांची बोलणीं १३ दिवस चाललीं. मिसरला आपल्या भूमीवर आपलें स्वामित्व हवें होतें. इस्रायलला आपल्या सीमेलगत शत्रूचे रणगाडे नको होते. हे दोन हेतु निरनिराळे आहेत असें ध्यानीं येतांच मार्ग दिसला: सिनाई सगळा मिसरला परत द्यावा, पण त्यांतील मोठ्या भागांत सैन्य ठेवण्यावर कडक मर्यादा असाव्या. मार्च १९७९ मध्यें तह झाला आणि एप्रिल १९८२ मध्यें सिनाई परत मिळाला. त्या दोन राष्ट्रांत त्यानंतर युद्ध झालेलें नाहीं. परंतु त्याच बोलण्यांत पॅलेस्टाईनच्या लोकांच्या भवितव्याविषयींहि कलमें लिहिलीं गेलीं, आणि ते लोक त्या बैठकींत नव्हते. तो प्रश्न सुटला नाहीं, आणि त्याचे दाहक परिणाम जग आजहि पाहत आहे. ज्याच्याविषयीं ठरावयाचें तोच पंक्तीला नसेल तर ठराव कितीहि सुंदर असो, तो टिकत नाहीं.

हा शेवटचा मुद्दा आपल्या घरच्या इतिहासाला अधिकच लागू पडतो. महाराष्ट्रांत पंचांपुढें तंटे नेण्याची परंपरा जुनी आहे. मराठेशाहींत गोतसभा भरत. वादी-प्रतिवादी पंचांचा निर्णय मानण्याविषयीं लेखी राजीनामा देत. निकालाचा महजर होई. हरणारा यजितखत लिहून देई. पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टननेंहि पंचायतींची उपयुक्तता मान्य केली होती, आणि पुढें पुण्यास गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, यांनीं लवाद कोर्टें काढण्याचा खटाटोप केला. ही परंपरा अभिमानास्पद आहे यांत शंका नाहीं. तथापि त्या पंचांत स्त्रिया किती होत्या? गांवकुसाबाहेरचीं माणसें किती होतीं? ज्यांना पंचांत जागा नव्हती त्यांच्यावर तोच न्याय अनेकदां जुलूम होऊन बसला. जातपंचायतींनीं कुटुंबें वाळींत टाकावीं आणि त्याला समाजाची शिस्त म्हणावें, हें आपल्या राज्यांत इतकें चाललें कीं २०१६ सालीं सामाजिक बहिष्काराविरुद्ध निराळा कायदा करावा लागला. वाळीच्या धाकानें घेतलेली कबुली हा समेट नव्हे. तो पहिल्या मार्गाचाच, म्हणजे वर्चस्वाचा, सोज्ज्वळ वेष होय.

म्हणून तंटा उकलण्याच्या या कलेला एक सीमा आहे, आणि ती स्पष्ट सांगितली पाहिजे. जेथें दोन गरजांचा झगडा असतो तेथें समन्वय शोधावा; जेथें एका बाजूला गरज आणि दुसऱ्या बाजूला अन्याय असतो तेथें न्यायच मागावा. मारहाण सोसणाऱ्या स्त्रीला 'थोडें तूंहि समजून घे' असें सांगणारा मध्यस्थ समेट करीत नसतो, गुन्ह्यावर पांघरूण घालीत असतो. आपल्या सरकारनें २००७ सालापासून गांवोगांव तंटामुक्तीची मोहीम चालविली, लोकअदालतीहि भरतात, आणि २०२३ सालीं मध्यस्थीचा स्वतंत्र कायदा झाला. त्या कायद्यानेंहि कोणतीं प्रकरणें मध्यस्थीस योग्य नाहींत याची यादी दिली आहे, आणि गुन्ह्यांच्या खटल्यांचा त्या यादींत समावेश आहे. गांवांतील तंट्यांची संख्या शून्यावर आली म्हणजे गांव सुखी झालें असें नव्हे. कित्येकदां ती शून्य असते, कारण तक्रार करण्याची कोणाची छाती नसते. किती तंटे मिटले याबरोबरच कोणाचें तोंड मिटलें, हेंहि विचारावें.

आतां आमच्या विद्यार्थी बंधुभगिनींस दोन व्यावहारिक गोष्टी सांगून हा लेख पुरा करतों. भांडण सुरू झालें कीं प्रथम प्रतिपक्षाचें म्हणणें त्याला मान्य होईल अशा शब्दांत त्यालाच सांगून पाहावें. 'होय, माझें म्हणणें तेंच' असें तो म्हणाला तर अर्धा गुंता सुटला; कारण आपलें कोणी ऐकतच नाहीं हा राग बहुतेक भांडणांच्या तळाशीं असतो. त्यानंतर 'तुला काय पाहिजे?' याऐवजीं 'तुला तें कशासाठीं पाहिजे?' असें विचारावें, आणि तोच प्रश्न स्वतःलाहि विचारावा. स्वतःला विचारणें अधिक कठीण असतें, कारण कधीं कधीं उत्तर येतें कीं, मला कांहीं नको आहे, त्याला मिळूं नये एवढेंच हवें आहे. असें उत्तर आलें तर लाजावें आणि पुढें जावें. मग पटतील न पटतील अशा सर्व युक्त्या दोघांनीं मिळून मांडाव्या. मांडतांना कोणी हंसूं नये, कोणी 'हें अशक्य' म्हणूं नये. ओटा हलविण्याची कल्पना पहिल्यानें ऐकणाऱ्यांस वेडगळच वाटली असेल. कांहींच जमेना तर दोघांच्याहि विश्वासांतला तिसरा माणूस शोधावा. मात्र लोण्यावर त्याची दृष्टि नसावी, एवढें पाहून घ्यावें. आणि जो पक्ष दुबळा असेल, किंवा ज्याला बोलावलेंच नसेल, त्याची जागा राखून ठेवल्याशिवाय बैठकीस आरंभ करूं नये.

शाळेंत आपण गणित शिकतों, त्यांत उत्तर एकच असतें. व्याकरण शिकतों, त्यांत नियम ठरलेले असतात. परंतु या शाळेच्या फाटकाबाहेर जें गणित वाट पाहत आहे त्याचीं उत्तरें पुस्तकाच्या शेवटच्या पानावर छापलेलीं नसतात. तीं ज्याच्याशीं आपलें पटत नाहीं त्याच्या शेजारीं बसूनच सोडवावीं लागतात. पुढें आपल्यांतील कोणी सरपंच होईल, कोणी शिक्षिका, कोणी कारखानदार आणि कोणी कामगार. बहुतेक सर्वजण कोणाचे तरी भाऊबहीण, शेजारी आणि भागीदार होतीलच. त्यांनीं घरांतला एक बांध, गांवांतली एक विहीर, कारखान्यांतला एक टाळेबंद दरवाजा जरी न तोडतां उकलला, तरी त्यांचें शिक्षण सार्थकीं लागलें असें आम्ही समजूं.